गाजर गवत, सूर्यफूल आणि खुरपणाऱ्या बायांचे हात

दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा आठवडा गाजर गवत जनजागृती सप्ताह म्हणून पाळला जातो. कृषी विद्यापीठे, कृषी विज्ञान केंद्रे, शाळा-महाविद्यालये या सात दिवसांत कार्यक्रम घेतात. फेरी निघते, फलक लागतात, प्रमुख पाहुणे हातमोजे घालून चार रोपटी उपटतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते. आम्ही अशी छायाचित्रे वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. पाहुण्यांचे मोजे त्यात ठळक दिसतात. त्याच आठवड्यात त्याच गावच्या शिवारात सोयाबीनच्या, तुरीच्या, बाजरीच्या ओळींतून बसून खुरपत पुढे सरकणाऱ्या बायांच्या हातांत मात्र मोजे नसतात. त्यांच्यासाठी तो सप्ताह नसून सगळा पावसाळा असतो.

या बाया कोण, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. ज्यांच्या नावावर सातबारा नाही त्या घरांतल्या या बाया आहेत. कुठे खुरपणी म्हणतात, कुठे निंदणी म्हणतात, पण रोजावर हे काम करणारे हात कोणत्या वस्तीतून येतात ते गावात सर्वांना ठाऊक असते. आमच्या ओळखीच्या एक मावशी आहेत. चाळीस पावसाळे त्यांनी खुरपणीत काढले. गेली काही वर्षे श्रावण लागला की त्यांच्या पापण्या सुजतात, कोपराच्या खोबणीत आणि मानेवर चट्टे उठतात, कातडी जाड आणि काळी पडते. उन्हात गेले की आग होते. त्यांना आम्ही सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टर भला माणूस होता. त्याने मलम दिले, गोळ्या दिल्या आणि सांगितले, "ही गाजर गवताची अॅलर्जी आहे. खरा उपाय एकच, त्या गवताजवळ जायचे नाही." मावशी हसल्या. म्हणाल्या, "मग खायचे काय, साहेब?" डॉक्टरांकडे उत्तर नव्हते, आणि ते त्यांच्याकडे असायला हवे होते असेही आम्ही म्हणणार नाही. हे उत्तर ज्यांनी द्यायचे ते मुंबईत आणि दिल्लीत बसतात, आणि त्यांचे म्हणणे अनेकदा असे असते की या विषयात अजून पुरेशी माहिती नाही.

माहिती नसताना निर्णय कसा घ्यायचा, हा प्रश्न खोटा नाही. बाहेरून आलेली एखादी वनस्पती, मासा किंवा कीड किती पसरेल, कुणाचे किती नुकसान करील, तिच्यावर सोडलेला उपाय उलटेल का, हे आधी छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. शास्त्रज्ञ हे मान्य करतात आणि आम्हीही करतो. आमचे भांडण त्यापुढे सुरू होते. माहिती येईपर्यंत थांबू, असे जेव्हा ठरते तेव्हा तोही एक निर्णयच असतो, आणि थांबण्याचा खर्च कोणीतरी भरत असते. तो खर्च कुठल्याच फायलीत चढत नाही.

गाजर गवताचीच कथा पाहा. मूळचे ते मेक्सिको आणि त्या भागातले. भारतात ते पहिल्यांदा लक्षात आले ते आपल्या पुण्यात, १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात, उकिरड्यांवर. १९५६ साली आर. एस. राव यांनी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्याची नोंद प्रसिद्ध केली. ते अमेरिकेच्या गव्हातून आले असे सर्वत्र सांगितले जाते. पी. एल. ४८० चा गहू म्हणून आपल्या आजीआजोबांनी ज्याच्यासाठी रेशनच्या रांगा लावल्या तोच तो गहू. पण त्या कायद्याखाली भारताशी पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये, आणि गवत तर त्याआधीच पुण्यात उगवले होते. १९५१ च्या कर्जाऊ गव्हातून आले असेल, आणखी कशातून आले असेल. त्याहूनही जुन्या नोंदी असल्याचा दावा काही अभ्यासक करतात. म्हणजे आले कसे हेसुद्धा पक्के नाही. पक्के एवढेच की धान्य उतरवून घेताना त्यात आणखी काय उतरते आहे हे तपासणारी यंत्रणा तेव्हा पुरी पडली नाही. देश उपाशी होता, घाई होती, हे आम्हाला समजते. उपाशी कोण होते हेही समजते.

लोकांनी त्याला काँग्रेस गवत म्हटले. पांढरी फुले गांधी टोपीसारखी दिसतात म्हणून, असे काही सांगतात. काँग्रेसच्या राज्यात आलेल्या गव्हाबरोबर आले म्हणून, असे दुसरे सांगतात. सत्तेवरचे पक्ष बदलले, गवत तेवढे राहिले. एका रोपाला हजारो बिया येतात, दहा-पंधरा हजारांपर्यंतही जातात. त्या वाऱ्याने, पाण्याने, बैलगाडीच्या आणि ट्रकच्या चाकांनी, शेणखतातून सर्वदूर जातात आणि मातीत काही वर्षे जिवंत राहतात. ओल मिळाली की वर्षातून तीन-चार पिढ्या होतात. आज देशात ते साडेतीन कोटी हेक्टरांवर पसरले असल्याचा अंदाज दिला जातो.

गवतात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. पानांवरच्या बारीक लवेतून, वाळलेल्या चुऱ्यातून, धुळीतून ते कातडीला लागते. एकदा शरीराने ते ओळखले की पुढे थोडक्या संपर्कानेही पुरळ उठते. पुण्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या हे लवकर लक्षात आले. डॉ. लोणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली याविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी सरकारला हे कळायला हरकत नव्हती.

आता एक गोष्ट आम्ही वाचकांपुढे मुद्दाम ठेवतो. या आजारावर भारतातल्या रुग्णालयांतून जे अभ्यास झाले त्यांत बहुसंख्य रुग्ण पुरुष दिसतात. काही जण त्याची कारणे देतात: पुरुषांचे अंग जास्त उघडे असते, बायका लुगड्या-साडीत झाकलेल्या असतात. थोडेफार खरे असेलही. पण ज्याने खुरपणी पाहिली आहे त्याला हे कारण पुरेल का? हात कोणाचे उघडे असतात? गवताच्या फुलांच्या उंचीवर चेहरा कोणाचा असतो? त्वचारोगाच्या विभागापर्यंत पोहोचायला एक दिवसाचा रोज बुडवावा लागतो, एस. टी. चे भाडे लागते, आणि घरात पैसे असले तर आधी औषध कोणाला मिळते हे ज्याला ठाऊक आहे, तो या आकड्यांकडे वेगळ्या नजरेने पाहील. रुग्णालयाच्या नोंदवहीतून आले ते कोण एवढेच कळते, शिवारात किती जणी खाजवत बसल्या ते कळत नाही. आणि धोरण ठरवताना हीच नोंदवही उघडून म्हटले जाते की पुरावा अपुरा आहे. माहिती अपुरी असणे हे नेहमी निसर्गाच्या गुंतागुंतीमुळेच असते असे नाही. पुष्कळदा मोजणाऱ्याचे पाय वस्तीपर्यंत गेलेलेच नसतात.

१९७५ साली कर्नाटक सरकारने आपल्या शेती कीड-रोग कायद्याखाली गाजर गवत घातक तण म्हणून जाहीर केले. ज्याच्या जमिनीत उगवेल त्याने ते काढावे, असा अशा जाहीरनाम्याचा रोख. ऐकायला चोख वाटते. परंतु हे गवत सर्वांत जास्त उगवते कुठे? रस्त्याच्या कडेला, रेल्वेच्या हद्दीत, गायरानावर, पाटबंधाऱ्याच्या मोकळ्या जमिनीवर. तिथला धारक सरकार स्वतः. सरकार सरकारला नोटीस काढणार कशी? १९२३ साली बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे कागदावर खुले झाले होते; चवदार तळ्यावर पाण्याला हात लागायला १९२७ चा मार्च उजाडावा लागला, आणि तोही बाबासाहेबांच्या मागून हजारो माणसे चालत गेली तेव्हा. नुसता ठराव काय करू शकतो याचा अनुभव या चळवळीइतका दुसऱ्या कोणाला असेल?

पुढचा अध्याय अधिक बोलका आहे. गवताचा नैसर्गिक शत्रू म्हणून एक भुंगेरा मेक्सिकोतून १९८३ साली बंगलोरला आणला गेला. आपले शेतकरी त्याला मेक्सिकन भुंगेराच म्हणतात. तो आणि त्याच्या अळ्या या गवताची पाने खातात. त्याला थेट रानात सोडले नाही. आधी बंदिस्त जागेत चाळीसेक प्रकारच्या वनस्पतींवर ठेवून तो त्या खातो का हे पाहिले, आणि मग १९८४ च्या पावसाळ्यात सोडले. हा निर्णय परत फिरवता येणारा नव्हता. सोडलेला कायदा मागे घेता येतो, सोडलेला किडा घेता येत नाही. म्हणून ही चाचणी झाली हे योग्यच झाले.

तीन-चार वर्षांत बंगलोरच्या आसपास गवत पावसाळ्यात बोडके दिसू लागले. आणि १९९१ साली गडबड झाली. भुंगेरे सूर्यफुलाच्या पानांवर दिसले. सूर्यफूल म्हणजे त्या काळचे तोऱ्याचे नगदी पीक. वर्तमानपत्रांत ओरड झाली, भुंगेरे सोडणे थांबले, केंद्राने चौकशीसाठी सत्यशोधन समिती नेमली. (हे नाव वाचून आम्हाला जोतिबांची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही.) शास्त्रज्ञांनी अभ्यास करून कारण शोधले: शेजारच्या गाजर गवताचे पराग उडून सूर्यफुलाच्या पानांवर पडत होते, त्या परागांच्या ओढीने भुंगेरे तिथे बसून पान कुरतडत होते. सूर्यफुलावर त्यांची पैदास टिकत नव्हती. पिकाला मोठा धोका नाही असा निष्कर्ष निघाला आणि भुंगेरा पुन्हा अधिकृत उपायांत आला. आज जबलपूरचे तण संशोधन संचालनालय तो स्वतः वाटते.

या प्रकरणातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. शंका आली, काम थांबवले, तपासले, कारण सापडले, पुन्हा सुरू केले. माहिती अपुरी असताना निर्णय असाच घ्यायचा असतो आणि त्या शास्त्रज्ञांना आम्ही दाद देतो. पण आमचा सवाल वेगळा आहे. सूर्यफुलाच्या पानाला भोक पडले तेव्हा दिल्ली हलली. त्याच शेतात खुरपणाऱ्या बाईच्या हाताची कातडी सोलून निघत होती, तेव्हा कोणती समिती बसली? भुंगेरे सोडणे थांबवले त्या काळात गवत थांबले नव्हते. त्या काळातही बिया झडल्या, पुढचा पावसाळा आला, बाया ओळीत बसल्या. थांबण्याने सूर्यफुलाचा धोका टळला असेल, पण त्याच थांबण्याने दुसरा एक धोका चालू राहिला. समितीपुढच्या टेबलावर पहिला होता. दुसऱ्याच्या बाजूने बोलणारे तिथे कोणी होते का?

चूक दोन प्रकारची असते. नसलेला धोका आहे असे समजून आपण हात आखडतो, ही एक. असलेला धोका नाही असे समजून बिनधास्त राहतो, ही दुसरी. पाठ्यपुस्तकात या दोन्ही चुका समोरासमोरच्या पारड्यांत ठेवतात. प्रत्यक्षात एका चुकीचा भुर्दंड एकाला आणि दुसरीचा दुसऱ्याला पडतो, आणि निर्णय घेणारा साहजिकच आपल्या किंवा आपल्या सोयऱ्याच्या अंगावर येणाऱ्या चुकीला अधिक भितो.

यावरून कोणी म्हणेल, मग थांबूच नये, दिसले की उपटावे, जाळावे, फवारावे. तेही आम्हाला मान्य नाही. वेड्या बाभळीचे उदाहरण घ्या. अमेरिका खंडातली ही बाभूळ भारतात सरकारनेच लावली, वाळवंट रोखायला आणि सरपणासाठी. कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या वन खात्याने ती पेरली आणि पुढे तिने मालधारी गुराख्यांची कुरणे गिळली. तमिळनाडूतही ती सर्वदूर गेली. २०१७ च्या आरंभी मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने ती मुळासकट काढण्याचे आदेश दिले, जेसीबी लागले. त्याच वर्षी न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने आधी तज्ज्ञांचा अभ्यास व्हावा म्हणून या कामाला स्थगिती दिली. कारण रामनाथपुरमसारख्या कोरड्या जिल्ह्यात हजारो गरीब माणसे याच झाडाचा कोळसा पाडून पोट भरतात. आपल्या सोलापूर-मराठवाड्याकडेही भूमिहीनांच्या चुलीत बहुधा हीच बाभूळ जळते. वन खात्याने लावली तेव्हा गुराख्याला विचारले नाही, न्यायालयाने काढायला सांगितली तेव्हा कोळसेवाल्याला विचारले नाही. लावणेही घाईचे, काढणेही घाईचे.

फवारणीचेही तसेच. ग्लायफोसेट हे तणनाशक २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने कर्करोगाच्या संभाव्य कारणांत घातले. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याला ते पटले नाही. तज्ज्ञांचे एकमत नाही. २०२२ साली आपल्या केंद्र सरकारने त्याचा वापर फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांमार्फत करावा असे जाहीर केले. गावात परवानाधारक कोण आणि पाठीवर पंप कोणाच्या, हे विचारायची सोय नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आम्ही विसरलेलो नाही. आणि तणनाशक आले की खुरपणीचा रोज जातो, हेही मावशींनी आम्हाला ऐकवले आहे. गवतही नको आणि गवतामुळे मिळणारा रोजही जायला नको, अशी ती अवघड गाठ आहे. ती आमच्या एका लेखाने सुटणार नाही, पण गाठ आहे हे तरी धोरण लिहिणाऱ्याने कबूल करावे.

या विषयात एक शब्द जपून वापरायला हवा, तो म्हणजे 'परकीय'. अलीकडे पर्यावरणाच्या चर्चांत परदेशी झाडे हटवा, देशी लावा अशी घोषणा सर्रास ऐकू येते. मिरची परदेशी, मका परदेशी, भुईमूग परदेशी, बटाटा परदेशी. भाकरीवरचा ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी यातून वजा करून पाहा, गरिबाच्या ताटात काय उरते. पुण्याच्या परिसरात गाजर गवताला मागे हटवणारी एक तरोट्याच्या जातकुळीतली वनस्पती आढळली, तीही दक्षिण अमेरिकेतलीच. जन्म कुठे झाला यावरून कोणाला चांगले-वाईट ठरवायचे नाही, हे या चळवळीला शिकवावे लागत नाही. झाडाचेही तेच. ते इथे काय करते, कोणाचे काय हिरावते, ते पाहावे. गाजर गवताने पडीक रानातला तरोटा मागे सारला. पहिल्या पावसात त्याची भाजी फुकट मिळायची. ती मिळेनाशी झाली याचा हिशेब कोणी मांडला नाही, कारण ती भाजी बाजारात कमी आणि आमच्या घरांत जास्त होती.

जे अजून आलेले नाही त्याच्याबाबत मात्र आम्ही कठोर असावे या मताचे आहोत. ऑस्ट्रेलियाने १९९७ पासून नव्या वनस्पतीच्या आयातीआधी ४९ प्रश्नांची छाननी लावली. उत्तरे धोक्याची आली तर प्रवेश नाही, उत्तरे अपुरी असतील तर आणखी तपासणी. घातक नाही हे आणणाऱ्याच्या बाजूने दिसले पाहिजे. घातक आहे हे सिद्ध करायचा भार ज्याच्या अंगावर पुरळ उठणार त्याच्यावर नाही. आपल्याकडे २००३ चा वनस्पती विलगीकरण आदेश आहे, बंदरांवर तपासणी आहे. पण शोभेची झाडे, मत्स्यालयातले मासे, रोपवाटिकांचा धंदा यांतून काय काय येते ते पाहिले की गव्हाच्या पोत्यांची आठवण होते. इथे नकाराचा तोटा एखाद्या व्यापाऱ्याला होतो. होकाराचा तोटा सत्तर वर्षे कोणी सोसला ते वर आलेच आहे.

जे येऊन बसले आहे त्याच्यासाठी आमच्या मागण्या साध्या आहेत. आशाताईंच्या घरभेटीत पावसाळ्यात खुरपणाऱ्या प्रत्येक बाईला हाताच्या आणि मानेच्या खाजेबद्दल एक प्रश्न विचारला जावा आणि त्याचे उत्तर तालुक्याला लिहून जावे. दवाखान्यात हा आजार शेतमजुरीतून झालेला म्हणून नोंदवला जावा. गायरान, रस्ते आणि शाळेच्या आवारातले गवत फुलावर येण्याआधी, म्हणजे सप्ताहाची वाट न पाहता जुलैतच, मजुरी देऊन काढले जावे. काढणाऱ्यांना लांब बाह्यांचा सदरा आणि मोजे कामाच्या साहित्यात मिळावेत, खुरप्याइतकेच. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती ठेवली आहे. बऱ्याच गावांत ती कागदावर आहे, आणि कागदावरची नावे कोणाची असतात ते सरपंचाला विचारावे. त्या समितीत खुरपणारी बाई बसली पाहिजे, कारण कोणते तण या वर्षी नवे दिसले आणि कोणते सरकले हे गावात तिच्याइतके कोणालाच माहीत नसते. आणि जेव्हा एखादा निर्णय पुढे ढकलला जाईल तेव्हा त्या फायलीत एक ओळ सक्तीने असावी: पुढे ढकलल्यामुळे या काळात कोणाला काय सोसावे लागेल.

मावशींना आम्ही हा लेख लिहितो आहोत असे सांगितले. त्यांनी विचारले, मोजे मिळतील का? आम्ही म्हटले, मागणी केली आहे. त्या म्हणाल्या, रबरी नकोत, घामाने हात आणखी खातो. जाड सुती मिळतात का बघा. तेवढी दुरुस्ती आम्ही वरच्या मागणीत करून घेतो.